छंद आणि विद्या : एका संगणकप्रेमीची दिनचर्या



प्रत्येक वर्गात असा एखादा विद्यार्थी असतोच, की ज्याचे चित्त पाठापेक्षा वस्तूंमध्ये अधिक रमते. बंद पडलेले घड्याळ उघडून पाहावे, सायकलची निघालेली साखळी सर्वांआधी बसवून द्यावी, गुरुजींचा फोन अडला तर तो हाती घेऊन सुरू करावा, अशी त्याची रीत असते. त्यास ‘जिज्ञासू’ म्हणावयाचे की ‘उचापती’, हे बहुधा शिक्षकाच्या एका शब्दावर ठरते. आणि त्या एका शब्दाने मुलाच्या आयुष्याची दिशा पुष्कळदा बदलते. या दृष्टीने फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या संगणकप्रेमीचे चरित्र शिक्षकांनी मनन करण्याजोगे आहे.

लिनसचा जन्म २८ डिसेंबर १९६९ रोजी हेलसिंकी शहरात झाला. आईवडील पत्रकार होते, तर आईचे वडील हेलसिंकी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. १९८१ च्या सुमारास या आजोबांनी कमोडोर व्हिक-२० नावाचा लहानसा संगणक विकत घेतला. आजोबा आज्ञावली कागदावर लिहून देत आणि अकरा वर्षांचा नातू त्यांच्याजवळ बसून ती यंत्रात टंकित करी. येथे आजोबांनी व्याख्यान दिले नाही, काम दिले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मुलाच्या हाती महागडी वस्तू सोपविण्याचे धैर्य त्यांनी दाखविले आणि त्याच्या चुका सोसल्या.

पुढे लिनसने सिंक्लेअर क्यूएल हा संगणक घेतला. त्या यंत्राचा फिनलंडमध्ये फारसा प्रसार नसल्यामुळे त्यासाठी तयार आज्ञावल्या मिळणे कठीण होते. तेव्हा लागतील ती साधने त्याने स्वतःच लिहिली. साधनांची उणीव हीच त्याची गुरू ठरली.

१९८८ साली तो हेलसिंकी विद्यापीठात दाखल झाला. मध्यंतरी देशाच्या नियमानुसार त्यास सैन्यात सेवा करावी लागली. १९९० च्या उन्हाळ्यात त्याने अँड्र्यू टॅनेनबॉम या प्राध्यापकांचा संगणकाच्या कार्यप्रणालीवरील ग्रंथ वाचला. कार्यप्रणाली म्हणजे जिला व्यवहारात ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात ती व्यवस्था. शाळेत कोणता वर्ग कोठे भरावा, कोणता तास केव्हा व्हावा आणि कोणते साहित्य कोणास मिळावे, याची व्यवस्था मुख्याध्यापक लावतात. संगणकात तेच कार्य ही प्रणाली करते. टॅनेनबॉम यांनी विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी ‘मिनिक्स’ नावाची एक लहान प्रणाली रचली होती.

५ जानेवारी १९९१ रोजी लिनसने हप्त्याने एक नवा संगणक घेतला. त्याची स्मृती अवघी ४ मेगाबाइट होती. ४ गिगाबाइट स्मृतीचा साधा फोन आज त्याहून सुमारे एक हजार पट स्मृती बाळगतो! यंत्राबरोबर आलेली डॉस प्रणाली बाजूस सारून लिनसने त्यावर मिनिक्स बसविली. त्या काळातील त्याची दिनचर्या सांगावी तर ती अत्यंत साधी होती. खिडक्यांना काळे जाड पडदे, अंगात घरातला झगा, आणि झोप व जेवण यांखेरीज उरलेला सारा वेळ यंत्रासमोर, असे वर्णन त्याने २००१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनात स्वतःच केले आहे.

मिनिक्समधील दूरसंपर्काची सोय त्याच्या मनास येईना. दूरध्वनीच्या तारेवरून विद्यापीठाच्या संगणकाशी जोडले जावे, एवढ्यासाठी त्याने स्वतःची एक आज्ञावली लिहिली. मग धारिका उतरवून घेण्याची गरज भासली, म्हणून तबकडीवर लिहिण्या-वाचण्याची व्यवस्था आली. एकातून एक अशी कामे वाढत गेली आणि पाहता पाहता एका नव्या कार्यप्रणालीचा सांगाडा उभा राहिला. एके दिवशी दूरध्वनी लावण्याची आज्ञा त्याने चुकून तबकडीकडेच धाडली, आणि तीवरील मिनिक्सचा भाग नष्ट झाला! मिनिक्स पुन्हा बसविण्याऐवजी त्याने स्वतःच्या अपुऱ्या प्रणालीवरच यापुढे काम करावयाचे ठरविले. नुकसान झाले खरे. परंतु जुना आधार तुटल्यावाचून नवे पाऊल पडले असते की नाही, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने आपल्या प्रयत्नाची वार्ता इतर संगणकप्रेमींना कळविली आणि सप्टेंबरमध्ये पहिली आवृत्ती सर्वांसाठी खुली केली. हीच ‘लिनक्स’ होय. लोकांनी पैसे पाठवू का म्हणून विचारले, तेव्हा त्याने पैशांऐवजी पोस्टकार्डे मागितली. देशोदेशींहून कार्डे येऊ लागली, तशी आपला भाऊ काहीतरी मोठे काम करीत असावा, अशी शंका धाकट्या बहिणीस प्रथमच आली. पुढे संगणकाचे राहिलेले हप्तेही वापरणाऱ्यांनीच वर्गणी काढून फेडले. १९९२ साली त्याने जो परवाना स्वीकारला, त्यान्वये ही प्रणाली कोणीही वापरावी, तपासावी, सुधारावी आणि सुधारलेली इतरांस द्यावी, अशी मोकळीक मिळाली. स्वतःची वही दुसऱ्यास तपासावयास देण्याची ही वृत्ती शिक्षणाच्या मुळाशी आहे, हे शिक्षकांस निराळे सांगावयास नको.

लिनस स्वतःही काही काळ विद्यापीठात अध्यापन करी. १९९३ साली त्याने वर्गास गृहपाठ दिला, की प्रत्येकाने आपल्याला एक ई-मेल पाठवावे. टूव्हे नावाच्या विद्यार्थिनीने त्या पत्रातून त्यास बाहेर फिरावयास येण्याचे आमंत्रणच दिले! ती फिनलंडमधील कराटेची विजेती होती. पुढे दोघांचा विवाह झाला. काळ्या पडद्यांआडच्या दिनक्रमात कुटुंबाचा व मोकळ्या हवेचा प्रवेश झाला तो असा.

आज लिनस अमेरिकेतील ऑरेगन राज्यात राहतो. लिनक्सची नवी आवृत्ती सुमारे नऊ-दहा आठवड्यांनी, बहुधा रविवारी, प्रसिद्ध होते. प्रवासास निघावयाचे असल्यास तो सहकाऱ्यांना आगाऊ कळवितो आणि त्याप्रमाणे काम बेतून घेतो. सुटीत समुद्रात बुडी मारून तळ न्याहाळण्याचा त्यास नाद आहे. किती खोल गेलो, किती वेळ राहिलो, याची नोंद पाणबुड्यास ठेवावी लागते. त्यासाठी मनाजोगती आज्ञावली मिळेना, म्हणून २०११ साली त्याने ‘सबसर्फेस’ ही आज्ञावली लिहिली. अशा रीतीने सुटीतील सहलही त्याच्या विद्येस पोषक ठरली.

या चित्रास दुसरी बाजूही आहे. सहकाऱ्यांच्या चुका दाखविताना लिनसची भाषा अनेकदा कठोर, क्वचित अपमानकारकही होत असे. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याने याबद्दल जाहीर क्षमा मागितली, काही आठवडे काम दुसऱ्यावर सोपविले आणि मग तो परतला. बुद्धी कितीही तीव्र असली तरी वाणीचा संयम निराळा शिकावा लागतो. लाल शाईने वह्या तपासणाऱ्यांनी याची आठवण ठेवणे अगत्याचे आहे.

आता प्रत्यक्ष शाळेकडे वळू. शिक्षकांच्या खिशातील बहुतेक फोन ज्या अँड्रॉइड प्रणालीवर चालतात, तिचा गाभा लिनक्सच आहे. विंडोज १० या प्रणालीस निर्मात्यांकडून मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि पुष्कळ जुने संगणक तिच्या पुढील आवृत्तीस पात्र नाहीत. म्हणून ते कपाटात कुलूपबंद करावे काय? तसे करण्याचे कारण नाही. लिनक्सचे काही हलके प्रकार जुन्या यंत्रावरही चालतात. पेन ड्राइव्हवरून सुरू करून, आतील तबकडीस हात न लावता, त्यांची परीक्षाही घेता येते. मराठीतून टंकलेखनाची सोय त्यांत आहे. केरळमधील सरकारी शाळांनी हा मार्ग फार पूर्वी धरला, आणि तेथे २०१८ पासून विद्यालयांतील ‘लिटल काइट्स’ मंडळांतून विद्यार्थी स्वतः संगणकाचे ज्ञान मिळवीत आहेत.

हा प्रयोग करताना तीन पथ्ये पाळावीत. प्रथम, शाळेच्या नोंदींची प्रत अन्यत्र सुरक्षित ठेवल्यावाचून यंत्रास हात लावू नये. तबकडी पुसली जाण्यास एक चुकीची आज्ञा पुरेशी असते. दुसरे, यंत्र हाताळण्याचे काम मुलामुलींना पाळीपाळीने द्यावे. शिक्षकाने जवळ बसावे, परंतु कळफलक आपल्या हाती घेऊ नये. तिसरे, यंत्रापुढील वेळेस मर्यादा असावी, आणि शनिवारच्या सहलीत मोजलेली झाडांची उंची वा ओढ्याच्या पाण्याची खोली सोमवारी मुलांनी स्वतः संगणकावर नोंदवावी.

सगळीच मुले लिनस होणार नाहीत, आणि तशी अपेक्षाही नाही. आपल्या गरजेची वस्तू आपल्या हाताने घडविता येते आणि ती इतरांस दिल्याने वाढते, एवढा विश्वास जरी शाळेने त्यांस दिला, तरी प्राथमिक शिक्षणाचे एक मोठे कार्य साधले असे समजण्यास हरकत नाही.