त्रास किती होईल, हे आधी सांगता येते का?



तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगावर किरणोपचार करावयाचे ठरले, की घरची माणसे आम्हांला विचारतात, "बरा होईल ना?" रोगी मात्र, ती मंडळी जरा बाजूला झाली की हळूच विचारतो, "डॉक्टरसाहेब, त्रास किती होईल हो?" या दुसऱ्या प्रश्नाला "ज्याचे त्याचे वेगळे असते" एवढेच उत्तर आम्ही बरीच वर्षे देत आलो. ते खोटे नाही. पण दुकान किती दिवस बंद ठेवावे, हे त्यातून कोणाला कळणार?

हा उपचार बहुधा आठवड्यातून 5 दिवस, असा 7 आठवडे चालतो. रोज 2 ग्रे, एकूण 70 ग्रे. किरण टोचत नाहीत, म्हणून पहिले आठ दिवस रोग्याला वाटते, लोक उगाच घाबरवितात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड येते, चव जाते, लाळ चिकट होऊन आटते. मऊ भातही गिळवत नाही. आणि उपचार संपला म्हणजे त्रास संपला, असेही नाही. शेवटच्या दिवसांत आणि पुढे आठवडा-दोन आठवडे तो कळसाला असतो. पेढे वाटण्याची घाई करू नये!

आता अंदाज कशावरून बांधावयाचा? सोबत सिसप्लॅटिन हे औषध असेल, तर त्रास वाढतो. आधीच वजन घटलेले असेल, दुखणे सुरू असेल, तर तेही धोक्याचेच. पण सर्वांत बोलका पुरावा लाळग्रंथींचा आहे. कानापुढच्या ग्रंथीला सरासरी सुमारे 26 ग्रेच्या आत ठेवता आले, तर लाळ बरीचशी परतते. ब्रिटनमधील एका चाचणीचे निष्कर्ष 2011 साली प्रसिद्ध झाले. जुन्या पद्धतीत वर्षानंतरही शेकडा 74 जणांचे तोंड बऱ्यापैकी कोरडे होते. ग्रंथी वाचवून किरण दिले, तेव्हा शेकडा 38 जणांचे.

दुसरे साधन म्हणजे साधा कागद. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्राच्या प्रश्नावलीत 22 लक्षणांना रोग्याने 0 ते 10 गुण द्यावयाचे असतात. आमच्या मते तिचे मोल यंत्राहून कमी नाही. आपली माणसे डॉक्टरांसमोर "बरं आहे" म्हणून मोकळी होतात. कागदावर मात्र सात लिहितात. दर आठवड्याला तो आकडा पाहिला, तर चढण आधीच दिसते.

नेदरलँड्समध्ये तर असे गणित मांडूनच प्रोटॉन किरण कोणाला द्यावयाचे ते ठरवितात. मात्र तिकडचे गणित जसेच्या तसे इकडे लावणे आम्हांला पटत नाही. आपल्याकडे तंबाखू, सुपारी, मिश्री. कित्येकांचे तोंड उपचाराआधीच दोन बोटे उघडत नाही. आपल्या रोग्यांवर ते पडताळून पाहावयास हवे. शिवाय गणित शंभरांतले किती ते सांगते, त्यांतला हा कोण ते सांगत नाही.

तरीही तयारी करता येते. वजन उतरण्याची भीती असेल, तर नाकातल्या नळीविषयी आधीच बोलून घ्यावे. सात आठवडे सोबत कोण राहणार, ते ठरवावे. आणि किडके दात किरण सुरू होण्यापूर्वीच काढून जखम भरू द्यावी. नंतर काढले, तर जबड्याचे हाड भरून न येण्याचा धोका असतो.