आपले मत कोठे आहे?
(चेन्नई येथील मराठी रेल्वे व टपाल कामगारांच्या बैठकीत केलेले भाषण)



२३ नोव्हेंबर २०२४ हा दिवस आपणांस आठवत असेल. महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांची मतमोजणी होती. आपण चेन्नईत, पण सगळ्यांचे कान गावाकडे. ड्यूटीवरून सुटलेला एकेक जण आमच्या क्वार्टरवर येऊन आपल्या तालुक्याची कितवी फेरी झाली ते विचारीत होता. वाद झाले, पैजा लागल्या. संध्याकाळी एका पोस्टमन बंधूने सहज विचारले, "सेक्रेटरीसाहेब, २० तारखेला आपल्यापैकी मत कोणी दिले?" एकही हात वर झाला नाही. आमचाही नाही.

मतदानाची भरपगारी सुटी कायद्यात आहे. पण मुंबई येथून सुमारे तेराशे किलोमीटर. जाण्यायेण्यातच दोन दिवस मोडतात. सैन्यातील जवानाला टपाली मतपत्रिका मिळते, आपण परराज्यात आहोत एवढ्या कारणावर आपल्याला मिळत नाही. जानेवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने ७२ मतदारसंघांची मते घेणारे दूरस्थ मतदान यंत्र पक्षांपुढे मांडले. पक्षांचे एकमत झाले नाही आणि २०२४ च्या निवडणुका त्याविनाच झाल्या. ही मागणी आपण लावून धरलीच पाहिजे.

पण तोवर काय? १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो, की माणूस सामान्यतः राहतो तेथे त्याचे नाव. गावी घर आहे एवढ्यावर मतदार होता येत नाही, आणि दोन याद्यांत नाव ठेवता येत नाही. आम्ही वीस वर्षे येथले पाणी पितो, मुले येथल्या शाळेत शिकली. तरी १९ एप्रिल २०२४ रोजी तमिळनाडूच्या ३९ जागांचे मतदान झाले तेव्हा आम्ही घरी पेपर वाचत बसलो. गावच्या यादीतून नाव केव्हाच गळाले होते. युनियनच्या सेक्रेटरीचे मत कोठेच नाही!

आणि त्याच वर्षी ४ ते ६ डिसेंबरला रेल्वेत युनियन मान्यतेचे गुप्त मतदान झाले, तेव्हा हेच आम्ही पाळीपाळीला जाऊन एकेका मतासाठी हात जोडत होतो. याची लाज वाटते, म्हणून हे सांगतो.

ज्याचे बिऱ्हाड गावी आहे त्याने तेथले नाव जपावे व रजा टाकून जावे. ज्याचे येथे आहे, पण नाव गावच्या यादीत आहे, त्याने नमुना ८ भरावा. कोठेच नाही त्याने नमुना ६. अर्ज टेबलावर ठेवले आहेत. पहिला आमचा भरून झाला आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!