किनारा कोणाचा?
(तळोजा येथे दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



तळोज्याला समुद्र नाही, मग किनाऱ्याचा विषय इथे कशासाठी, असे कोणी विचारील. पण आपल्या कासाडी नदीचे पाणी खाडीला जाते आणि खाडी समुद्राला मिळते. किनाऱ्याचा कायदा आपल्या खाडीकाठालाही लागू आहे.

भरतीरेषेपासून ५०० मीटर पट्टा मोकळा ठेवा, असे इंदिरा गांधींनी १९८१ मध्ये किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना कळविले. १९९१ मध्ये त्याची अधिसूचना झाली. लगेच हॉटेल व पर्यटन व्यावसायिकांची ओरड सुरू झाली. १९९४ मध्ये नियम सैल करून नदी-खाडीकाठची बांधकामबंदी १०० मीटरवरून ५० मीटरवर आणली गेली. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ही सवलत रद्द केली. परंतु २०१९ च्या अधिसूचनेने खाडीकाठचा पट्टा पुन्हा ५० मीटर केला आणि दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील बांधकामबंदीही २०० वरून ५० मीटरवर आणली. न्यायालयात जिंकलेले असे कागदावर निसटते!

पर्यटन नको, असे माझे म्हणणे नाही. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे ज्या मंडणगड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातले वेळास पाहा. तिथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखली. पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरतात, घरचे जेवतात. पैसा गावात राहतो आणि वाळूही शाबूत राहते. वाळूलगत मोठे हॉटेल आले तर काय होईल? अंड्यातून निघालेले पिल्लू उजेडाच्या दिशेने धावते. रात्री उजळ असतो तो समुद्र. हॉटेलचे दिवे त्याहून प्रखर असले, की पिल्लू पाण्याकडे न जाता जमिनीकडे वळते आणि मरते.

कुंपण पडले की वाट माणसाचीही अडते. होडी ओढायची, जाळी वाळवायची, मासळी सुकवायची जागा जाते. किनारा कागदावर सर्वांचाच राहतो, पण पहारेकरी कोळणीला हटकतो.

कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांतले अंतर आपल्याला कोणी शिकवायला नको. महाड नगरपालिकेने चवदार तळे १९२४ मध्येच सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. तरीही पाण्याला हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारोंसह तळ्यावर जावे लागले. सार्वजनिक पाणी कोणा एकाच्या मालकीचे नाही, हा धडा आपल्याच रायगड जिल्ह्यातला आहे.

विद्यार्थी मित्रांनो, किनारा आराखड्याचा मसुदा लोकांपुढे ठेवून हरकती मागवाव्या लागतात. तो नकाशा वाचायला शिका. खाडीची रेषा, कांदळवन, कोळ्यांची वस्ती त्यात बरोबर दाखवली आहे का, हे प्रत्यक्ष जाऊन पाहा. चूक दिसली तर मुदतीत लेखी हरकत द्या आणि तिची पोच घ्या. शिकलेल्या माणसाने समाजासाठी करण्याजोगे हे काम आहे.