काटकसर : घरातील आणि शाळेतील
(शिक्षक संमेलनातील भाषण)



काटकसर हा शब्द कानी पडताच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे चहात साखर मोजून घालणारा, पाहुणा दिसताच कपाळाला आठ्या घालणारा गृहस्थ उभा राहतो. ही समजूत चुकीची आहे. कंजूष मनुष्य पैसा राखतो तो पैशासाठीच. काटकसरी मनुष्य तो राखतो उद्याच्या कामासाठी. एकाला खर्च झाल्याचे दुःख होते, दुसऱ्याला वाया गेल्याचे. हा भेद ज्याला उमगला, त्याला काटकसरीचा अर्धा धडा समजला असे म्हणावयास हरकत नाही.

खेड्यातील गृहिणीपाशी या गुणासाठी एक अर्थपूर्ण शब्द आहे, तो म्हणजे बेगमी. उन्हाळ्यात अंगणात वाळत घातलेल्या कुरडया, पापड आणि सांडगे. कडुनिंबाचा पाला घालून कणगीत भरलेले धान्य. पावसाळ्यापूर्वी आडोशाला रचून ठेवलेले सरपण. जुन्या लुगड्यांचे थर देऊन शिवलेली गोधडी. सांडपाण्यावर वाढवलेली केळ आणि अळू, ही सारी बेगमीच होय. अर्थशास्त्राचा एकही ग्रंथ न वाचलेल्या या स्त्रीला पक्के ठाऊक असते की, आषाढात जे लागणार त्याची तजवीज वैशाखातच करावयाची असते. रोख पैशाच्या व्यवहारात मात्र हीच दूरदृष्टी अनेक घरांतून हरवलेली दिसते.

याचे कारण समजण्यास एक साधे उदाहरण पुरेसे आहे. एखाद्या कुटुंबाने बारशासाठी वा लग्नसमारंभासाठी १०,००० रुपये दरमहा शेकडा ३ या दराने उसने घेतले असे धरावे. 'शेकडा ३' हा आकडा ऐकावयास लहान वाटतो. परंतु वर्षाचा हिशेब केला तर तो ३६ टक्के होतो. त्या कुटुंबाला दरमहा ३०० रुपये केवळ व्याजापोटी द्यावे लागतात. तीन वर्षांत १०,८०० रुपये हातचे जातात, आणि मूळ १०,००० रुपयांचे देणे जागच्या जागी उभे असते. आता तेच ३०० रुपये त्या कुटुंबाने समारंभापूर्वी तीन वर्षे दरमहा बाजूला टाकले असते, तर तेच १०,८०० रुपये स्वतःचे झाले असते. वर ठेवीचे व्याज मिळाले असते ते निराळेच. दोन्ही ठिकाणी पैसा घरातून गेला तो सारखाच. आधी दिलेल्या पैशाला बचत म्हणतात, मागाहून दिलेल्या पैशाला व्याज म्हणतात. सहावी-सातवीच्या वर्गात सरळव्याज शिकविताना हे उदाहरण फळ्यावर जरूर मांडावे. मुले ते घरी सांगतील, आणि कदाचित एखाद्या घरी ते ऐकलेही जाईल.

हा प्रश्न केवळ पैशाचा नाही. मराठवाड्यातील आणि अन्य दुष्काळी भागांतील शिक्षकांना तो अधिक जवळून ठाऊक आहे. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची म्हणून दिवाळीच्या सुमारास कुटुंबे बाहेर पडतात, आणि हजेरीपटावरील कित्येक नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा वाढत जातात. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुले गावी राहू शकतात. काही मात्र उसाच्या फडातच जातात. कर्जाचा भार बापाच्या खांद्यावर असतो, पण त्याची किंमत मुलाच्या पाटीवर पडते.

म्हणूनच येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ज्या घरात दोन वेळच्या भाकरीचीच भ्रांत आहे, त्या घराला काटकसरीचा उपदेश करणे हा अन्याय होय. तेथे उधळपट्टी नसते, मिळकतच अपुरी असते. वर्गात बचतीचा पाठ देताना 'तुमच्या घरी काय वाया जाते?' असा प्रश्न सर्वांसमक्ष विचारू नये. फाटका सदरा घालून आलेल्या मुलाची मान त्या प्रश्नाने खाली जाते. काटकसर ही ज्याच्यापाशी थोडेफार शिल्लक उरू शकते त्याची विद्या आहे, आणि गावात असा पहिला मनुष्य बहुधा शिक्षकच असतो. तेव्हा आरंभ त्याने आपल्या घरापासूनच करावा.

शिक्षकाचे वेतन ठरलेले असते, हीच त्याच्या हिशेबाची मोठी सोय. पगार जमा होताच प्रथम बचतीची रक्कम वेगळी काढावी आणि उरलेल्यात संसार चालवावा. संसारातून उरेल ते शिल्लक टाकू असे म्हणणाऱ्याच्या हाती सहसा काही उरत नाही. भारतात डाकघर बचत बँक १८८२ पासून चालू आहे. तेथे दरमहा १०० रुपयांपासून पाच वर्षांची आवर्ती ठेव उघडता येते. दुसरी गोष्ट खर्चाच्या वहीची. मोबाइलवरून पैसे देण्याची सोय झाल्यापासून नोट हातातून सुटताना होणारी जाणीव नाहीशी झाली आहे. त्यामुळे रोज रात्री पाच मिनिटे बसून खर्च लिहून काढणे पूर्वीपेक्षा अधिक अगत्याचे झाले आहे. तिसरी गोष्ट हप्त्यांची. वस्तू घरी आणण्यापूर्वी सर्व हप्त्यांची बेरीज करून ती रोखीच्या किमतीशी ताडून पाहावी. पुष्कळदा ती बेरीजच मनुष्याला दुकानाच्या पायरीवरून परत फिरविते.

शाळेत काटकसर शिकवावयाची ती व्याख्यानाने नव्हे, मोजमापाने. ६० वॅटचा जुना दिवा काढून ९ वॅटचा एलईडी दिवा लावला, तर रोज पाच तासांच्या वापरात महिन्याला सुमारे साडेसात युनिट वीज वाचते. हा गुणाकार मुलांनी स्वतः करावा आणि शाळेच्या वीजबिलातील दराने त्याचे रुपये काढावेत. गळक्या नळाखाली भांडे ठेवून तासाभराचे पाणी मोजावे आणि त्याला चोवीसाने गुणावे. सेकंदाला एक थेंब गळत असेल, तर दिवसाकाठी चार लिटरांहून अधिक पाणी जाते, हे पाहून मुले चकित होतात. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण त्यांना पाठ असते. थेंबे थेंबे तळे आटते हे त्यांना त्या दिवशी कळते. मग नळाचा वायसर बदलण्याची आठवण गुरुजींना करून द्यावी लागत नाही. मुलेच ती करून देतात.

वर्ष संपताना वह्यांमधील कोरी पाने काढून, दाभणाने टोचून दोऱ्याने शिवली की कच्च्या कामाच्या वह्या तयार होतात. मात्र त्या सर्व मुलांना सारख्याच वाटाव्यात. केवळ गरीब मुलांच्या हाती त्या दिल्या, तर काटकसरीचे रूपांतर भिक्षेत होते. मुख्याध्यापकाच्या मेजावरही तशीच एक वही असावी.

या बाबतीत महाराष्ट्रातील शिक्षकाला दूरचा आदर्श शोधावा लागत नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली. या संस्थेच्या वसतिगृहांसाठी मुष्टिफंडाची प्रथा पडली. दळणकांडण करताना घरोघरच्या स्त्रियांनी मूठभर धान्य बाजूला काढावयाचे, आणि त्यातून परगावच्या मुलांची भाकरी व्हावयाची. वसतिगृहात अन्न उरले नाही तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, अखेरीस मंगळसूत्रही, मोडीस दिले. मूठभर धान्य काढणारे हात कंजुषाचे नव्हते, आणि मंगळसूत्र देणारा हात उधळ्याचा नव्हता. कोठे राखावे आणि कोठे द्यावे हे त्या दोन्ही हातांना ठाऊक होते.

बंधुभगिनींनो, येत्या सत्रात प्रत्येक शाळेने एकच काम हाती घ्यावे. नळ, दिवे वा वह्या यांपैकी काहीही निवडावे, मुलांकडून मोजून घ्यावे आणि महिनाअखेरीस आकडे फळ्यावर लिहावेत. दहा वर्षांवरील मुलाला डाकघरात स्वतःच्या नावाने बचत खाते उघडता येते, ही माहिती पालकसभेत सांगावी. कोणावर सक्ती करू नये. आणि शिक्षकाने आपल्या खर्चाची वही आज रात्रीपासूनच सुरू करावी. ती वही मुलांना कधी दिसणार नाही. परंतु उसने मागण्याची पाळी न आलेल्या शिक्षकाचा शब्द गावात कसा ऐकला जातो, हे मात्र मुलांच्या ध्यानात आल्यावाचून राहणार नाही.