शिमग्यातली बाग



माघ सरला, थंडी ओसरली, आंब्याला मोहोर आला. वसंत आला म्हणायचे. पण आपल्या सातारा-सांगलीकडच्या माणसाला याच दिवसांत विहिरीचा तळ दिसू लागतो. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि माण-खटावात ५०० च्या आसपास. सांगलीकडे जत-आटपाडीचीही तीच तऱ्हा. तेव्हा फाल्गुनातले बागकाम म्हणजे पहिल्यांदा ओल राखणे.

आधी झाडांची आळी बघा. बुंध्याला चिकटून पाणी ओतून उपयोग नाही. अन्नपाणी घेणारी बारीक मुळे फांद्यांच्या सावलीच्या कडेला असतात. आळे तिथवर रुंद करा. माती वरवर हलवा आणि त्यावर चार बोटे पाचट पसरा. उसाच्या पट्ट्यात पाचटाला काय तोटा? पुष्कळ जण ते पेटवून देतात. ती आग थांबवा आणि चार भारे बागेत आणा. बुंध्याभोवती मात्र वीतभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर वाळवी लागेल. पाणी द्यायचे ते सांजवेळी.

लहान रोपांना मडके बरे. कच्चे, रंग न दिलेले मडके रोपापासून वीतभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरा, वर परळ झाका. मडके पाझरते आणि मुळांना लागेल तसे पाणी मिळते.

आंबा मोहोरात असताना त्याला भरमसाट पाणी देऊ नका. फळ वाटाण्याएवढे झाले की पाणी सुरू करा. परसात भेंडी, गवार, दुधी, दोडका, काकडी लावायची असेल तर होळीच्या आत बी पडू द्या. दुधी-दोडक्याचे बी रात्रभर भिजवून टोका. हळद काढणाऱ्यांनी निरोगी, वजनदार जेठे गड्डे बेण्यासाठी निवडून सावलीत, हळदीच्याच पाल्याखाली झाकून ठेवावेत. अक्षय तृतीयेच्या सुमारास ते लावणीला लागतील. मेथी-घेवड्याचे बी धरताना उरलेसुरले झाड ठेवू नका, सगळ्यांत चांगले ठेवा.

आता दोन शब्द गुरुजींसाठी आणि बाईंसाठी. पावसाळ्यात आपण शाळेत वाजतगाजत रोपे लावतो. पण रोप जगणार की जाणार, हे जूनमध्ये ठरत नाही. ते ठरते आत्ता, शिमग्यात. पुढे परीक्षा, मग मे महिन्याची सुट्टी. शाळा उघडते तेव्हा आळ्यात काटकी उरलेली असते. मुले ती बघतात, आणि लावलेले झाड मरायचेच, असा धडा घेतात. हा धडा कुठल्याही पुस्तकाला पुसता येत नाही.

म्हणून उद्याच झाडे मोजा. पाणी किती मिळेल तेही मोजा. शंभर मुलांनी जेवणाआधी हात धुताना एकेक लिटर पाणी वापरले, तर ते शंभर लिटर होते. साबणाचा फेस नसलेले ते पाणी चर काढून आळ्यांकडे वळवा. एवढ्याने पन्नास रोपे भागत नसतील, तर वीसच निवडा. पन्नासांना पेलापेला पाजून सगळीच वाळवण्यापेक्षा वीस नीट जगवावीत. शाळेजवळ राहणारी मुले-मुली हेरा, दोघादोघांकडे एकेक झाड द्या, आणि सुट्टीतली पाळी आत्ताच कागदावर लिहून भिंतीला लावा.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापली आणि तिच्या बोधचिन्हात वटवृक्ष आला. वड एका पावसात होत नाही. त्याला प्रत्येक उन्हाळ्यात कुणीतरी एक घागर घालावी लागते. यंदाची घागर आपल्या हातची असू द्या.