सासूबाईंच्या पेन्शनचे कागद

आज आम्ही गटातल्या बायका बोलणार आहोत ते पलटणीतून निवृत्त झालेल्यांच्या, आणि त्यांच्यामागे राहिलेल्या बायकांच्या पेन्शनबद्दल. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे हे घरोघरचं काम आहे. साताऱ्याजवळच्या आपशिंग्याला तर लोक आपशिंगे मिलिटरी असंच म्हणतात. सासरे फौजेत होते, आता थकले किंवा गेले, आणि कागदांची पिशवी लेकीसुनांच्या हातात आली.

पिशवीत दोन कागद आधी शोधायचे. डिस्चार्ज बुक आणि पीपीओ, म्हणजे पेन्शनचा हुकूम. सासूबाईंचं नाव त्यात कसं लिहिलंय ते अक्षर अक्षर लावून वाचा. आमच्या गटातल्या एकीच्या सासूबाईंचं नाव पलटणीच्या कागदात अनुसया, आधारवर अनसूया, आणि बँकेच्या पासबुकात तिसरंच. माहेरचं नाव राहिलं असेल तर आणखी घोळ. ही दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसकडून होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. सासरे हयात आहेत तोवर हे सोपं जातं, त्यांची एक सही पुरते. ते गेल्यावर तेच काम सासूबाईंना करावं लागतं, आणि तेही दुःखात.

आता जन्मतारीख. जुन्या कागदांत बायकोची जन्मतारीख बऱ्याचदा लिहिलेलीच नसते. तेव्हा कोण विचारत होतं? पण आता तिच्यावर पैसे अवलंबून आहेत. 80 वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनच्या 20 टक्के जादा मिळतात, 85 ला 30, 90 ला 40, 95 ला 50, आणि शंभरीला दुप्पट. फॅमिली पेन्शनलाही हे लागू आहे. मूळ पेन्शन 9000 असेल तर 80 नंतर महिन्याला 1800 जादा, वर महागाई भत्ता वेगळा. म्हातारीचं औषधपाणी त्यात निघतं. नोंदीत जन्मतारीखच नसेल तर हे आपोआप सुरू कसं होणार? उलगडून पाहा, नसेल तर वयाचा पुरावा जोडून अर्ज द्या, आणि मागच्या थकबाकीचीही मागणी त्यातच लिहा.

फौजेची पेन्शन आता 'स्पर्श' नावाच्या संगणकी व्यवस्थेतून येते. तिथे मोबाईल नंबर लागतो. पुष्कळ घरांत तो पुण्या-मुंबईच्या मुलाचा दिलेला असतो, मग ओटीपी तिकडे आणि आपण इकडे सेवा केंद्रात ताटकळत. घरात असेल तोच नंबर द्यावा असं आमचं मत. आणि फोन करून ओटीपी विचारणाऱ्याला काहीही सांगू नका, तो 'पेन्शन ऑफिसातून बोलतोय' म्हणाला तरी.

हयातीचा दाखला वर्षातून एकदा. आपल्या म्हाताऱ्यांच्या अंगठ्याच्या रेषा शेणामातीत, भांडी घासून झिजलेल्या. यंत्र त्या घेत नाही आणि माणूस उगीच ओशाळतो. त्यांना सांगा, चेहरा दाखवूनही 'जीवन प्रमाण' होतं, स्मार्टफोनवर घरच्या ओसरीवर बसून.

ज्यांना पेन्शनच नाही, असे हवालदार हुद्द्यापर्यंतचे 65 वर्षांवरचे गरजू माजी सैनिक आणि विधवा, त्यांच्यासाठी केंद्रीय सैनिक बोर्डाची वेगळी मदत आहे. तिचा अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जातो. विधवेचं ओळखपत्रही तिथंच निघतं.

या कार्यालयाचे कल्याण संघटक तालुक्याला दौऱ्यावर येतात. तहसील कचेरीत किंवा माजी सैनिक संघटनेकडे त्यांची तारीख विचारा. सासूबाईंना सोबत न्या, जाताना सगळ्या कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स घ्या, आणि दिलेल्या अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका.