नेमबाजाची प्रगती मोजायची कशी?

२७ जुलै २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या १० मीटर एअर पिस्तूल प्राथमिक फेरीत सरबज्योत सिंगने ६०० पैकी ५७७ गुण मिळवले. आठव्या क्रमांकावरच्या जर्मन नेमबाजाचेही गुण ५७७च होते. पण त्याचे ‘इनर टेन’, म्हणजे अगदी मधल्या वर्तुळातले नेम, १७ आणि सरबज्योतचे १६. तेवढ्यावरून सरबज्योतची अंतिम फेरी हुकली. तीनच दिवसांनी त्याने मनू भाकरसोबत मिश्र सांघिक कांस्यपदक जिंकले. तीन दिवसांत त्याचे कौशल्य बदलले, असे कोणीच म्हणणार नाही. म्हणूनच एका स्पर्धेच्या गुणांवरून नेमबाजाची प्रगती ठरवू नये, असे मला आग्रहाने सांगायचे आहे.

दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा साडेअकरा मिलिमीटर. प्राथमिक फेरीत गुण पूर्णांकात धरतात. दशांशाने मोजल्यास १०.९ ठरणारा नेम आणि जेमतेम १०.० ठरणारा नेम, दोन्हींनाही दहाच. ९.९ला मात्र नऊ. केसभर अंतराने अख्खा गुण जातो. समजा, एखाद्याने ६० नेमांत ३७ दहा, २२ नऊ आणि एक आठ घेतला, बेरीज ५७६. तोच खेळाडू त्याच तयारीने उद्या उतरला, तर संख्याशास्त्राच्या हिशेबाने चारेक गुण सहज वरखाली होतील. मग ५७८ झाले म्हणून पेढे वाटणे आणि ५७३ झाले म्हणून मुलाला बोलणे, दोन्हीला आधार नाही. अनेक स्पर्धांची सरासरी सरकली, तरच प्रगती झाली असे म्हणावे.

बेरीज आणखी एक गोष्ट झाकते. एकाचे छरे मध्यापासून डावीकडे, पण दाटीने एकाच जागी बसतात. दुसऱ्याचे मध्याभोवती विखुरतात. गुण सारखेच. पहिल्याचे काम बहुधा पिस्तुलाची साइट (नेम धरण्याची खूण) दोन-चार क्लिक फिरवून होईल. दुसऱ्याला हाताची स्थिरता आणि ट्रिगरवरचा दाब यांवर महिनोन्‌महिने मेहनत घ्यावी लागेल. म्हणून ग्रुपिंग, म्हणजे छऱ्यांचा पुंजका, किती घट्ट आहे आणि ते मध्यापासून किती दूर आहे, हे वेगवेगळे मोजले पाहिजे.

पदक शेवटी गुणांवरच मिळते, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण टोकियो ऑलिंपिकमध्ये ५८६ गुणांनी प्राथमिक फेरीत पहिला आलेला सौरभ चौधरी अंतिम फेरीत सातवा आला. गुणांनी निकाल लागतो. सरावात काय सुधारायचे, ते त्यातून कळत नाही. ग्रुपिंग मोजायला इलेक्ट्रॉनिक लक्ष्ये प्रत्येक क्लबला कुठून परवडणार, हा आक्षेपही रास्त आहे. पण त्यांच्यावाचून अडत नाही. पाच-पाच नेमांच्या कागदी लक्ष्यांवर तारीख घालून ती जपावीत, सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधले अंतर पट्टीने मोजावे आणि महिन्याची सरासरी वहीत मांडावी. प्रशिक्षकांनी आणि पालकांनी मुलाविषयी मत बनवण्याआधी ही वही उघडावी. एका वाईट दिवसापायी चांगला नेमबाज खेळ सोडून जाणे आपल्याला परवडणारे नाही.